कॅथलिक रुग्णालयांचा विस्तार : समाजवाद्यांनी वाचावयाचा ताळेबंद

(छत्रपती संभाजीनगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



मराठवाड्यातील शेतमजूर आजारी पडला म्हणजे त्याच्यापुढे तीन दरवाजे असतात. पहिला सरकारी. या शहरातील वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले आणि त्याला जोडलेल्या रुग्णालयाला सारा मराठवाडा 'घाटी' म्हणून ओळखतो. अकराशेहून अधिक खाटा असूनही तेथे जमिनीवर गादी टाकून रुग्ण ठेवावे लागतात, कारण शेजारच्या जिल्ह्यांतून येणारा लोंढा थांबत नाही. दुसरा दरवाजा खाजगी. त्यातून आत जाण्यासाठी प्रथम जमीन अथवा दागिना बाहेर काढावा लागतो. तिसरा दरवाजा धर्मादाय संस्थांचा. पहिला दरवाजा अपुरा आणि दुसरा परवडत नाही, म्हणून या तिसऱ्या दरवाजाचे महत्त्व. तो कोणी बांधला, कशाच्या बळावर बांधला आणि उद्या तो गरिबांसाठी उघडा राहील काय, हा प्रश्न राजकीय आहे.

धर्मादाय रुग्णालयांच्या क्षेत्रात देशभर पसरलेले, सर्वांत दीर्घकाळ टिकलेले आणि एका सूत्राने बांधलेले जाळे कॅथलिक ख्रिस्ती संस्थांचे आहे. १९४३ साली स्थापन झालेल्या त्यांच्या आरोग्यसंघटनेच्या सदस्यसंस्था आज साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. त्यांत बहुसंख्य मोठी रुग्णालये नाहीत. खेड्यापाड्यांतील, आदिवासी पट्ट्यांतील छोटे दवाखाने आणि आरोग्यकेंद्रे आहेत. २०११च्या जनगणनेनुसार देशात सर्व पंथांचे ख्रिस्ती मिळून लोकसंख्येच्या २.३ टक्के. एवढ्या लहान समाजातील एका पंथाने असे जाळे उभारले, ते कसे?

पुरोगामी वर्तुळात या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक संशयाचे : हे सारे धर्मांतराचे साधन. दुसरे भाबडे : ही केवळ सेवा, तिला हिशेब विचारू नये. दोन्ही उत्तरे विचार टाळतात. रुग्णालय ही जमीन, भांडवल, श्रम आणि व्यवस्थापन यांनी चालणारी संस्था आहे. तिला अर्थशास्त्राचे प्रश्न विचारता येतात आणि विचारले पाहिजेत.

एका बंदीची गोष्ट

या जाळ्याचा आरंभ एका अडचणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून तपासून घेत नसत आणि स्त्री डॉक्टर जवळजवळ नव्हत्या. महाराष्ट्राला ही गोष्ट आनंदीबाई जोशी यांच्यामुळे ठाऊक आहे. त्या १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या आणि वर्षभरातच वारल्या. त्याच सुमारास डफरीन निधी उभा राहिला, मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय निघाले. प्रॉटेस्टंट मिशनांनी तर स्त्री डॉक्टर पाठवण्यास आधीच आरंभ केला होता. अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय उघडले. जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर बेथेल हे गाव वसवले आणि पुढे जालन्यात स्कॉटिश मिशनचे रुग्णालय आले.

या काळात कॅथलिक मागे होते, आणि याचे कारण त्यांच्याच धर्मकायद्यात होते. व्रतबद्ध धर्मभगिनींनी वैद्यकी, विशेषतः प्रसूतीचे काम करणे त्या कायद्याला संमत नव्हते. म्हणजे ज्या स्त्रिया आयुष्य वाहून घ्यायला सिद्ध होत्या, त्यांनाच ज्या कामाची सर्वाधिक निकड होती त्या कामास मनाई होती. ही बंदी उठावी म्हणून काही स्त्रियांनी झगडा दिला. ॲग्नेस मॅक्लॅरन या स्कॉटिश डॉक्टरने उतारवयात कॅथलिक पंथ स्वीकारला, रावळपिंडीत स्त्रियांसाठी रुग्णालय उभे करविले आणि रोमकडे वारंवार दाद मागितली. १९१३ साली त्या वारल्या तेव्हा यश दूर होते. त्यांच्याच प्रेरणेने वैद्यक शिकलेल्या ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगल यांनी रावळपिंडीत काम केले आणि १९२५ मध्ये वॉशिंग्टन येथे वैद्यकी करणाऱ्या भगिनींचा संघ स्थापन केला. ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लाउरी १९२० मध्ये गुंटूरला आल्या, तेथे धर्मभगिनी झाल्या आणि वैद्यकी करण्याची विशेष अनुमती त्यांना मिळाली. अखेर फेब्रुवारी १९३६ मध्ये रोमने बंदी मागे घेतली.

हा इतिहास सविस्तर सांगण्याचे कारण असे की, पुरुषप्रधान धर्मसत्तेच्या आतून, तिच्याशी झगडून, स्त्रियांनी हे क्षेत्र खुले केले. पुढील विस्तार या झगड्याचे फळ आहे. चर्चच्या अधिकाऱ्यांनी आखलेल्या योजनेतून तो झालेला नाही.

जाळे कसे विणले गेले

१९४३ साली ग्लाउरी यांनी मोजक्या भगिनींना बरोबर घेऊन कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली. हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांची समिती नेमली गेली आणि १९४६ मध्ये तिचा अहवाल आला. ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, असे चित्र भोर समितीने मांडले. तिने सुचविले ते सरकारी आरोग्यव्यवस्थेचे : कोणीही पैशांअभावी उपचारांवाचून राहू नये, हे तिचे सूत्र होते. देशाने ते तत्त्वतः मान्य केले आणि पैसा मात्र दिला नाही. उणीव उरली, आणि त्या उणिवेत मिशन रुग्णालये वाढली.

त्यांच्या वाढीची साधने चार.

पहिले साधन श्रम. धर्मभगिनी दवाखान्याच्या आवारातच राहते, रात्री-अपरात्री हाक येताच उठते आणि वैयक्तिक वेतन घेत नाही. जेथे वेतन मिळते तेथे ते संघाच्या खात्यात जमा होते. याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाविषयी सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयात दरमहा किमान २०,००० रुपये वेतन सुचविले. उदाहरणादाखल तीन प्रशिक्षित भगिनींवर चालणारा दवाखाना घेतला, तर या दराने त्यांचे वर्षाचे वेतन ७,२०,००० रुपये होते. तेवढी रक्कम ताळेबंदात कोठेही दिसत नाही. त्या तीन स्त्रिया दरवर्षी तेवढे अदृश्य अनुदान त्या दवाखान्याला देत असतात. गावकऱ्याला औषध स्वस्त पडते ते मुख्यतः या अनुदानामुळे.

दुसरे साधन मनुष्यबळाची शिस्तबद्ध निर्मिती. रुग्णालयाबरोबर परिचारिकांची शाळा, हा मिशनांचा परिपाठ. परिचारिकेचा व्यवसाय उच्चवर्णीय समाजाने दीर्घकाळ हलका मानला. परक्याचे मलमूत्र, रक्त आणि पू हाताळणे सोवळ्याच्या कल्पनेत बसणारे नव्हते. केरळच्या ख्रिस्ती कुटुंबांतील मुलींनी हे काम पत्करले आणि त्या देशभर गेल्या. जातिव्यवस्थेने जे श्रम अपवित्र ठरविले त्यांना या मुलींनी विद्येचा आणि पगाराचा दर्जा मिळवून दिला, याची नोंद समाजवाद्यांनी ठळकपणे घेतली पाहिजे. ग्लाउरी यांचे वैद्यकीय महाविद्यालयाचे स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर, १९६३ साली, बंगळूरच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाच्या रूपाने साकार झाले. ग्रामीण रुग्णालयात सेवा करण्याची अट घालण्याची प्रथा तेथे पाळली गेली.

तिसरे साधन भांडवल. धर्मप्रांताची जमीन आणि परदेशांतील देणग्या यांतून इमारती उभ्या राहिल्या. १९५८ मध्ये जर्मनीच्या बिशपांनी स्थापन केलेल्या 'मिझेरिओर'सारख्या निधींनी भारतातील अशा कामांना साह्य केले. परंतु दैनंदिन खर्च देणगीवर फारसा चालत नाही. तो रुग्णांच्या शुल्कातून भागतो. मोठ्या शहरातील रुग्णालयाने ऐपतदाराकडून अधिक घ्यावे आणि गरिबाला सवलत द्यावी, हे गणित त्यामागे असते.

चौथे साधन रचना. हे जाळे एका मालकाचे नाही. शेकडो संघ आणि धर्मप्रांत आपापल्या संस्था स्वतः चालवतात. संघटना त्यांना प्रशिक्षण, औषधखरेदी, सल्ला आणि सरकारदरबारी आवाज पुरवते. सत्ता स्थानिक, साह्य सामायिक. सहकारी चळवळीत वाढलेल्या महाराष्ट्राला ही रचना परकी वाटू नये.

महाराष्ट्र, गोवा आणि मराठवाडा

आपल्या भूमीवरील चित्र मात्र एकसारखे नाही. गोव्यात कॅथलिक रुग्णसेवेचा इतिहास सोळाव्या शतकातील राजरुग्णालयापर्यंत मागे जातो. पण ते रुग्णालय मुख्यतः पोर्तुगीज सैनिक आणि अधिकारी यांच्यासाठी होते. एकोणिसाव्या शतकात मडगावला पाद्री मिरांडा यांनी गरिबांसाठी 'हॉस्पिसियो' उभारले आणि पुढे ते सरकारी जिल्हा रुग्णालय झाले. धर्मादायातून जन्मलेली संस्था सार्वजनिक मालकीत येऊ शकते, याचा हा दाखला.

मुंबईत वांद्र्याचे होली फॅमिली आणि १९६७ साली अंधेरीत सुरू झालेले होली स्पिरिट ही मोठी रुग्णालये धर्मभगिनींनी वाढविली. वसईत कार्डिनल ग्रेशस यांच्या नावाचे रुग्णालय मराठी बोलणाऱ्या शेतकरी-कोळी समाजाच्या मध्यात उभे आहे. याच समाजातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. हरित वसईच्या लढ्यात ते पुढे होते आणि २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा 'परकी माणसे, परकी संस्था' हा आरोप महाराष्ट्रात तरी तपासून घ्यावा.

मराठवाड्यात मात्र कॅथलिकांचे काम रुग्णालयांपेक्षा शाळा आणि वस्त्यांत अधिक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात फ्रान्सिस द सेल्स संघाचे धर्मगुरू नागपूरकडून या भागात आले. त्यांच्याकडे वळलेली माणसे प्रामुख्याने अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील, भूमिहीन होती. औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. त्या समाजाला १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. ज्याच्या अनुयायांपाशी जमीन नाही, सवलत नाही आणि पैसा नाही, त्या धर्मप्रांताने मुंबईसारखी रुग्णालये उभारावी कशी? ऐपतदाराकडून घेऊन गरिबाला देण्याचे गणित जेथे ऐपतदारच नाही तेथे चालत नाही. कॅथलिक जाळ्याच्या मर्यादेचे हे ढळढळीत उदाहरण आहे. धर्मादाय संस्था तिच्या मागे असलेल्या समाजाइतकीच सबळ असते. म्हणून ती सरकारची जागा घेऊ शकत नाही.

तरीही मराठवाड्याच्या सीमेवर एक वेगळा प्रयोग झाला. नगर जिल्ह्यातील जामखेडला १९७० साली राज आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती (कॅथलिक नव्हे) डॉक्टर दांपत्याने खेड्यातील स्त्रियांना, त्यांत अक्षरओळख नसलेल्या दलित स्त्रियाही होत्या, आरोग्यसेविका म्हणून शिकविले. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात या कामाची दखल घेतली गेली, १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेतील प्राथमिक आरोग्यसेवेच्या विचाराला त्याने बळ दिले आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे १९८०च्या दशकात कॅथलिक संघटनेनेही इमारतींकडून लोकांच्या आरोग्याकडे वळण्याची भाषा स्वीकारली.

धडा कोणी घेतला?

येथे एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. मिशनरींच्या या पद्धतीचा सर्वांत बारकाईने अभ्यास ज्यांनी केला ते समाजवादी नव्हेत. ते संघपरिवारातील लोक होत. १९६६ साली काही तरुण डॉक्टर लातूरला येऊन राहिले आणि विवेकानंद रुग्णालय उभे राहिले. १९८९ साली याच शहरात संघविचारांच्या डॉक्टरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानाद्वारे हेडगेवार रुग्णालय सुरू केले. आज त्याच प्रतिष्ठानाचे काम नाशिक आणि आसामातील शिवसागरपर्यंत गेले आहे. प्रतिष्ठानाच्या नावात बाबासाहेब आणि रुग्णालयाच्या नावात हेडगेवार, या योजनेत राजकारण नाही असे मानण्याइतके कोणी भोळे नसावे. परंतु तेथे स्वस्त उपचार मिळतात, वस्त्यांत आरोग्यकेंद्रे चालतात आणि हजारो कुटुंबांचा त्या नावाशी पहिला परिचय आजारपणातील आधार म्हणून होतो, हेही खरे. व्यासपीठावरील भाषणांनी हा परिचय पुसला जाणार नाही.

समाजवादी चळवळीपाशी याचे उत्तर अगदीच नव्हते असे नाही. हडपसरला डॉ. दादा गुजर यांनी उभारलेले साने गुरुजी रुग्णालय आहे. महाराष्ट्राबाहेर दल्लीराजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या खाणकामगार संघटनेने १९८३ मध्ये शहीद रुग्णालय उघडले. कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून ते बांधले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये या मागासलेल्या शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केले, तेही याच जातीचे संस्थात्मक काम. उणीव कर्तृत्वाची नव्हती, सातत्याची होती. एक डॉक्टर, एक नेता झटला, संस्था निघाली. तिची दुसरी, तिसरी शाखा निघाली नाही, तिला माणसे पुरवणारी शाळा निघाली नाही. डॉ. लोहियांनी कार्यकर्त्याला फावडे, तुरुंग आणि मतपेटी अशी तीन साधने सांगितली होती. चळवळीने तुरुंग पाहिला, मतपेटीमागे ती धावली. फावडे मात्र कोपऱ्यात राहिले. प्रत्येक विधायक कामाकडे 'सुधारणावाद' म्हणून पाहण्याची सवय त्याला कारण झाली. आणि पक्ष फुटला की संस्थाही वाटून घ्याव्या लागतात, हे दुसरे कारण.

ताळेबंदाची दुसरी बाजू

धडा घ्यायचा म्हणजे आरती ओवाळायची नव्हे. कॅथलिक रुग्णालयांना विचारण्याजोगे तीन प्रश्न आहेत.

पहिला स्त्रीच्या हक्काचा. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले. भारतात १९७१ मध्ये गर्भपाताचा कायदा झाला. परंतु १९६८ मध्ये पोपनी कृत्रिम संततिनियमनास विरोध कायम ठेवला, आणि कॅथलिक रुग्णालये नसबंदी व गर्भपात करीत नाहीत. शहरात दुसरे रुग्णालय असते. जेथे तालुक्यात धड चालणारे तेच एक रुग्णालय आहे, तेथे तिसऱ्या बाळंतपणानंतर शस्त्रक्रिया मागणाऱ्या स्त्रीने कोठे जावे? सेवा देणाऱ्याची श्रद्धा ही सेवा घेणाऱ्याची सीमा होऊ नये. उपाय मात्र त्या रुग्णालयावर दगड मारणे हा नाही. शेजारचे ग्रामीण रुग्णालय सुरू ठेवणे हा आहे.

दुसरा प्रश्न वेतनाचा. धर्मभगिनी स्वेच्छेने वेतन सोडते; पण तिच्या शेजारी उभी असलेली सामान्य परिचारिका व्रतबद्ध नसते. तिला घर असते, कर्ज असते. एकीच्या त्यागाचे मोजमाप दुसरीच्या पगाराला लावणे म्हणजे शोषण. केरळात २०१७ साली खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांनी मोठे आंदोलन केले, ते या भावनेतूनच. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात रुग्णालयेही 'उद्योग' ठरविली आणि त्यांतील कामगारांना औद्योगिक कायद्याचे छत्र मिळाले. २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय व लोकसेवी कामात गुंतलेल्या संस्थांना 'उद्योगा'च्या व्याख्येतून वगळण्याची वाट उघडली. ही वाट केवळ ख्रिस्ती संस्थांसाठी नाही. धर्मादायाची पाटी लावून कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयासाठी आहे. कामगार संघटनांनी या कलमावर पुरेसे बोट ठेवलेले नाही.

तिसरा प्रश्न बाजाराचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. केरळात कुटुंबे लहान झाली. ज्या घरात पूर्वी सहा मुले असत, त्यातील एक मुलगी मठात जाई. आज दोन मुलांच्या घरातील मुलगी परिचर्या शिकून आखातात अथवा इंग्लंडात जाते. तिचे स्वातंत्र्य वाढले, ही आनंदाची गोष्ट. पण दवाखान्याच्या जमाखर्चातील ते ७,२०,००० रुपयांचे अदृश्य अनुदान आता रोख मोजावे लागते. परदेशी देणगीवरील १९७६चा कायदा २०१० मध्ये बदलला, २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेने दुसरीस ती देणगी देण्यास बंदी घातली. छोट्या दवाखान्यांना मोठ्या संस्थेमार्फत मिळणारा आधार त्यामुळे तुटला. यंत्रे महाग, मानांकनाचे निकष मोठ्या रुग्णालयांच्या मापाने बेतलेले. मग उरते काय? शुल्क वाढविणे, विमाधारक रुग्णांकडे वळणे किंवा दरवाजा बंद करणे.

हा मार्ग कोठे जातो ते अमेरिकेत दिसते. तेथे १९६५च्या सुमारास एक लाख ऐंशी हजार धर्मभगिनी होत्या; आज चाळीस हजारही नाहीत. त्यांनी उभारलेली रुग्णालये एकमेकांत विलीन होत गेली. १९९९ मध्ये 'असेन्शन' आणि २०१९ मध्ये 'कॉमनस्पिरिट' या महाकाय साखळ्या उभ्या राहिल्या. नफा वाटायचा नाही ही कायदेशीर अट कायम आहे, नावावर क्रूसही आहे. कारभार मात्र मोठ्या कंपनीच्या रीतीने चालतो. नफ्याचा हेतू कागदावर नसला तरी संस्था बाजाराच्या नियमांनी चालू लागते, कारण तिची किंमत ठरविणारे हात तिच्या बाहेर असतात. एकट्या संस्थेच्या सदिच्छेने हे थांबत नाही. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक नियंत्रण यांनीच ते थांबू शकते.

कार्यक्रम

महाराष्ट्रात या नियंत्रणाचे एक हत्यार उपलब्ध आहे. सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातील कलम ४१-कक आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखल्या पाहिजेत. त्यासाठी देयकांच्या २ टक्के रक्कम स्वतंत्र निधीत जमा केली पाहिजे. तातडीच्या प्रसंगी अशा रुग्णाकडे अनामत न मागता त्याला दाखल करून घेतले पाहिजे. ही अट ख्रिस्ती, हिंदू, जैन, मुस्लिम अशी निवड करीत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातील एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात अनामत रकमेवरून एका गरोदर स्त्रीला उपचार नाकारल्याचा आरोप झाला, ती वारली आणि राज्यभर संताप उसळला. संताप आठवडाभर टिकला. कलम मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस लागू असते.

दुसऱ्या बाजूस सरकारी दरवाजा. ३० सप्टेंबर २०२३ पासूनच्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस रुग्ण दगावले, त्यांत बारा नवजात बालके होती. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांपर्यंत नेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. त्याऐवजी २०१२ पासून राज्यात आरोग्यविम्याची योजना आली, ती २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. विम्याने शस्त्रक्रियेचे देयक भागते. पण खेड्यातील बाळंतीण, ताप, सर्पदंश यांसाठी परिचारिका आणि औषध जवळ असावे लागते. धर्मभगिनी नेमके तेच देत आली. सरकारने तिच्याकडून शिकावे ते हे.

तेव्हा येत्या वर्षासाठी चार कामे समोर ठेवता येतात.

एक : प्रत्येक तालुक्यातील धर्मादाय रुग्णालयांची यादी करणे, वीस टक्के खाटांचा फलक लावला आहे काय, किती खाटा रिकाम्या आहेत, निधीत किती शिल्लक आहे, हे माहिती अधिकारातून आणि धर्मादाय आयुक्तांकडून मिळविणे आणि प्रसिद्ध करणे. कोणत्याही धर्माचे रुग्णालय या यादीतून वगळू नये.

दोन : परिचारिकांची संघटना. धर्मादाय रुग्णालयातील परिचारिकेला कामगार म्हणून संघटित होण्याचा हक्क आहे, ही भूमिका जाहीरपणे घेणे आणि संहितेतील ती पळवाट बंद करण्याची मागणी करणे.

तीन : जेथे छोटे मिशन दवाखाने बंद पडण्याच्या बेतात आहेत तेथे ते विकले जाऊन खाजगी साखळीच्या हाती जाऊ नयेत म्हणून सरकारने, ग्रामपंचायतीने अथवा सहकारी संस्थेने ते चालवावेत, अशी मागणी करणे. मडगावच्या हॉस्पिसियोचा दाखला हाताशी आहे. आणि जेथे धर्मभगिनींवर धर्मांतराच्या अफवेवरून हल्ला होतो, तेथे कार्यकर्त्याने पहिल्या तासात त्यांच्या दारात उभे राहणे.

चार : चळवळीचे स्वतःचे काम. जिल्ह्यात एक रुग्णालय बांधण्याची घोषणा नको. निधी गोळा करून कोनशिला बसविण्याची हौस पुरे झाली. दरवर्षी प्रत्येक तालुक्यातून दोन मुली परिचर्येच्या शिक्षणासाठी निवडाव्यात, त्यांचे शुल्क संघटनेने उचलावे आणि पुढे तीन वर्षे आपल्या तालुक्यात काम करण्याचा करार त्यांनी करावा. ग्लाउरी यांनी इमारतीच्या आधी माणसे घडविली. मुलींची पहिली यादी जूनच्या प्रवेशांपूर्वी तयार व्हायला हवी, आणि ती करण्याचे काम या अभ्यासवर्गाला आलेल्या तालुका प्रतिनिधींकडे आहे.